लादीखालची जमीन

माझ्या वडिलांना, आबांना जाऊन दहा महिने झाले होते. थंडी पडायच्या आत आईला पुण्याला न्यावं, म्हणून मी पोलादपूरहून जीपने वर वाडीवर आले.

आमचं घर डोंगरमाथ्यावर. पूर्वी एकाच छपराखाली अर्ध्या भागात गुरं, अर्ध्यात आम्ही. मध्ये कमरेएवढा कूड, काठ्यांची सारवलेली भिंत. आबा रानातला पातेरा, म्हणजे वाळका पाला, साठवून ठेवत आणि पावसाळाभर गुरांखाली थरावर थर टाकत. शेणामुतात तो कुजे, आतून तापे आणि माघापर्यंत जमीन कोमट राही. मी कुडाला पाठ लावून झोपायचे.

तीन वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं. सासरची माणसं घर पाहायला येणार होती. गुरं घराबाहेर हलवा म्हणून मी आबांना आरोग्याची कारणं सांगितली आणि ती खोटी नव्हती. वासाची लाज वाटते, एवढंच सांगितलं नाही. त्यांनी वाद घातला नाही. अंगणाच्या खालच्या अंगाला सिमेंटचा गोठा झाला, घरात पांढरी लादी बसली. गोठ्यात पातेरा टाकू नका, धुवायला अवघड जातं, हेही मीच बजावलं.

मी पुण्यात एका कंपनीत आहे. कारखान्यांची वाया जाणारी उष्णता उन्हाळ्यात जमिनीत खोल साठवायची आणि हिवाळ्यात तिच्यावर इमारती उबदार ठेवायच्या, अशा परदेशी प्रकल्पांचे आराखडे आम्ही काढतो. लादी बसली त्याच वर्षी हे मी आबांना फोनवर समजावलं होतं. ते हसून म्हणाले, "म्हंजे आपल्या गोठ्यावानीच की गो." ऑफिसात मी हा किस्सा म्हणून सांगितला.

गेल्या पौषात त्यांना न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मीही तेच म्हणत आले.

जेवताना पुण्याचा विषय काढला. आईने विचारलं, ढवळीला कोण बघणार? तेवढी एकच गाय उरली होती. मग इथे निदान हीटर तरी लाव, म्हटलं. वीज असते कुठं, म्हणाली. आधी पाठवलेला अजून खोक्यातच होता. मग ताट बाजूला सारत तिने सांगितलं,

"घरात ऊब नाय म्हणून तुझा आबा खाली ढवळीजवळ निजायचा. सिमिटावर."

"मला कोणी सांगितलं नाही."

"नको सांगू म्हनला. पोरीला लागंल."

दुपारी मी ढवळीला दारापर्यंत आणलं. तिने एक खूर लादीवर ठेवला, तो घसरला आणि ती मागे सरली. पेंड दाखवली, दावं ओढलं. येईना. आई अंगणातून बघत होती.

मी पहार आणली. पहिली लादी निघायला फार वेळ लागला. खालच्या मातीवर हात ठेवला, गार होती. थर तापायला अख्खा पावसाळा जावा लागतो. या थंडीत ढवळीच्या अंगाची काय मिळेल तेवढीच ऊब.

आईने भिंतीवरची टोपली काढली आणि पातेरा आणायला रानाकडे निघाली. मी दुसऱ्या लादीखाली पहार घातली.