गळती कमी झाली तेव्हा

धरणाच्या पोटात भुयार आहे, आणि त्या भुयारात सव्वीस वर्षं एकच माणूस पाणी मोजतोय. सगळे त्याला गळतीमामा म्हणतात. भिंतीतून झिरपलेलं पाणी चरात येतं, मामा पट्टी लावून आकडा घेतो. धरणं गळतातच. न गळणारं धरण आणि न कुरकुरणारा जावई मामानं तरी पाहिलेला नव्हता.

सकाळी भूकंपाचा धक्का बसला. वीज काढणारी यंत्रं आपोआप थांबली. नियम असा, की मामानं भुयार बघून चिठ्ठी दिल्याशिवाय ती पुन्हा फिरवायची नाहीत.

मामा धापा टाकत वर आला. धरणाचा साहेब दारातच उभा.

"किती, मामा?"

"रोज मिनिटाला नव्वद लिटर. आज साठ."

"कमी झालं? वा! करा सही."

"कमी झालं हीच तर भानगड आहे, साहेब. उरलेलं पाणी काय माहेरी गेलं? धक्क्यानं निचऱ्याची भोकं बुजलीत. ते आता भिंतीखाली तुंबून तिला खालून रेटतंय. दाबाचा काटा चढलाय. तलाव दोन मीटर उतरवा, मी भोकं मोकळी करतो, मग बघू."

"भरलेला तलाव सोडू? वरचे मला सोलून काढतील! तो काटा जुना झालाय, तुमच्यासारखा."

"जुना आहे, म्हणून खोटं बोलायला शिकला नाही."

साहेबानं आवाज खाली घेतला. "तुमची लेक खालच्या वस्तीत असते ना? पोरांना घेऊन चार दिवस इकडे बोलवा. झालं?"

मामाचं डोकंच फिरलं. "आणि तिची शेजारीण? तिला कुठं पाठवू, तुमच्या बंगल्यावर? अजून एक धक्का आला तर काय कराल?"

"उद्या तुमची बदली करतो!"

"उद्या करा. आज मीच आहे."

त्यानं चिठ्ठी पुढ्यात ओढली. 'सुरक्षित' या शब्दापुढं ठळक 'नाही' लिहिलं आणि खाली सही ठोकली. 'नाही'ची चिठ्ठी दाबायची सोय नव्हती. तासाभरात वरच्या कचेरीला कळवावीच लागे, नाहीतर साहेबाचीच नोकरी जायची.

साहेबानं कपाळाला हात लावला. मग शिव्या घालत फोन उचलला.

दुपारी दरवाजे उघडले. तलाव उतरायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी बदलीचा कागद आला, तेव्हा मामा भुयारात गुडघ्यावर बसून भोकात सळई घालत होता.

"ठेवा तिथं," तो न वळताच म्हणाला. "अजून अकरा भोकं राहिलीत."