गोठ्याने खाल्लेली मेमरी

अनिताने मोबाइल पुन्हा बंद करून चालू केला, तरी गोठा काही दिसेना. गेट दिसत होतं, विहिरीवरची मोटर बंद असल्याचा लाल ठिपका दिसत होता. गोठ्यातल्या कॅमेऱ्याच्या जागी नुसतं चाक गरगरत होतं आणि खाली लिहिलं होतं, मेमरी भरली आहे.

"झालं. आता मी घरीच बरी," ती नवऱ्याला म्हणाली.

घर, मोटर, गोठा सगळं एका ॲपवर आणायची हौस विश्वजीतचीच. पण त्या ॲपच्या जिवावर अनिता न्हावऱ्याहून रोज शिरूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला जायची. नोकरी तिला मनापासून आवडे. मात्र गेल्या खेपेला भरदुपारी गोठ्यात कोणी नसताना चंद्री व्याली आणि रेडकू दगावलं. आता तीच म्हैस पुन्हा आज-उद्यात व्यायची होती. गोठा दिसणार नसेल तर नोकरी सोडायची, हे अनिताने पक्कं केलं होतं आणि घरात बोलूनही दाखवलं होतं.

"थांब की. जुनं रेकॉर्डिंग पुसलं की झालं," विश्वजीतने मोबाइल हातात घेतला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "ह्ये बघ. समदी मेमरी गोठ्यानंच खाल्लीया."

"म्हशींनी कान हलवला तरी भरतंय का काय त्यात?"

"न्हाई गं. माणूस आला तरच भरतंय. मीच तसं लावलंय."

"मग गोठ्यात एवढं कोण जातंय?"

त्याने एक रेकॉर्डिंग लावलं. पडदाभर एक पांढरी मिशी आली, मग मागे सरून तिचे पोपटराव झाले. विश्वजीतचे वडील.

सून घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण पोपटराव तिच्याशी थेट बोलत नसत. ती हातभर अंतरावर उभी असली तरी "तिला म्हणावं, च्या टाक," हे सोजराबाईंना सांगत. सासरा-सुनेने असंच वागायचं, ही त्यांची रीत. अनिताही त्यांच्याशी सासूमार्फतच बोले. बिचाऱ्या सोजराबाई मधल्या मधे दमून जात.

पडद्यावरचे पोपटराव खाकरले.

"अनिता, मी बोलतोय. चंद्री पानी प्याली. पेंड बी खाल्ली. तू काळजी करू नगं."

दुसऱ्यात ते म्हणत होते, "डॉक्टर यिऊन गेला. समदं बरुबर हाय म्हणला." तिसऱ्यात, "आज डबा इसरलीस व्हय? मग काय खाल्लंस?" एवढं विचारून ते उत्तराची वाट बघत चांगला वेळ उभे होते. शेवटी धोतराला हात पुसत निघून गेले. आणि सगळ्यात ताज्यात त्यांचा आवाज चढलेला होता. "नोकरी सोडायची म्हनतीस, असं कानावर आलं. आजाबात सोडायची न्हाई. हितं मी हाय."

विश्वजीत हसून हसून बेजार झाला. "आबांना वाटतंय, हाक मारल्याबिगर तुला दिसतच न्हाई! सांगतोच त्यांना."

"खबरदार सांगितलंत तर!" अनिता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

मग तिने जुनं सगळं स्वतःच्या हाताने पुसलं. दोन दिवसांपेक्षा जुनं आपोआप पुसलं जावं, असंही लावून टाकलं. रोज नवं येणारच होतं, साठवायचं कशाला? चाक थांबलं आणि गोठा लख्ख दिसू लागला. सकाळी तिने शिरूरची एसटी गाठली.

दुपारी लॅबमध्ये तिचा मोबाइल थरथरला. पडद्यावर पोपटराव, घामाने निथळलेले, बाह्या कोपरापर्यंत वर.

"अनिता, चंद्रीला रेडी झाली! वार बी पडली. दोघी झ्याक हायती."

आणि ते नेहमीसारखे कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिले. ॲपवर बोलायचंही बटण होतं. अनिताने आजवर ते कधी दाबलं नव्हतं. आज तिने अंगठा ठेवला.

"आबा, लई भारी काम केलंत! चीक काढून ठेवा, खरवस मी आल्यावर करते."

पोपटराव टुणकन उडाले. त्यांनी मागे बघितलं, आढ्याकडे बघितलं, मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले.

"हळू बोल की गं पोरी," ते कुजबुजले. "रेडी आत्ता कुठं उभी ऱ्हायलीया, दचकंल."