मिठागराच्या फीडरवरचा लाजाळू रिले

मित्रांनो, तुमच्या घरी दिवा लागतो, पंखा फिरतो, पण तुमची आणि माझी भेट कधी झालेली नसेल. माझ्यासारख्यांची जागा घरात नसते. सबस्टेशनच्या लोखंडी फळ्यावर, काचेच्या झाकणाआड आमचे आयुष्य जाते. मी एक जुना रिले आहे. वीज वाहून नेणे हे तारांचे काम, आणि तारांवर लक्ष ठेवणे हे माझे. कुठे काही बिघडले की मी ब्रेकरला इशारा देतो, ब्रेकर खटकन उघडतो आणि तारेतली वीज थांबते. ऐकायला हे किती सोपे वाटते! सुरुवातीला मलाही ते सोपेच वाटले होते.

माझा जन्म १९६६ साली झाला, तोही कारखान्यात नव्हे, तर मुंबईतल्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत. मला घडवले मंदा खानोलकर यांनी. त्या तिथे शिकवत आणि संशोधनही करत. त्या विभागात त्या एकट्याच स्त्री होत्या, त्यामुळे शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. माझी तांब्याची वेटोळी बाईंनी स्वतःच्या हातांनी गुंडाळली. एक वेढा जरी सैल पडला तरी त्या सगळे उलगडून पुन्हा सुरुवात करत. मला त्याचा फार अभिमान होता.

बाईंना सुटत नसलेले कोडे असे होते. विजेची तार तुटून ओल्या जमिनीवर पडली, तर जमिनीत खूप वीज शिरते. ते जुन्या रिलेंना लगेच कळते आणि ते पुरवठा बंद करतात. पण तीच तार कोरड्या जमिनीवर पडली तर? कोरडी माती वीज फारशी घेत नाही. अगदी थोडी वीज झिरपते. जुन्या रिलेंना वाटते, सगळे ठीक आहे. मग ती तार गवतात दोरीसारखी पडून राहते, आणि ती जिवंत आहे हे कोणालाच समजत नाही. ही थोडीशी गळतीसुद्धा ओळखू शकेल असा रिले बाईंना हवा होता. तो म्हणजे मी.

१९६८ साली मला भाईंदरच्या एका सबस्टेशनवर बसवले. माझ्या देखरेखीखालचा फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून गावांकडे जाणारी विजेची लाइन, मिठागरांवरून निघे, पुढे भातशेतीतून काशीगावाकडे आणि तिथून वरसाव्याकडे जाई. पहिल्या दिवशी परीक्षा झाली. काशीगावच्या एका सुकलेल्या शेतात दोर बांधून लोकांना दूर उभे केले आणि मुद्दाम एक तार जमिनीवर टाकली. मी ती क्षणात ओळखली. माझ्या खिडकीत इशाऱ्याची लाल झेंडी पडली, ब्रेकर उघडला. सबस्टेशनवर टाळ्या झाल्या. महिपत नावाचे रत्नागिरीकडचे ऑपरेटर होते. त्यांनी मला हार घातला आणि सगळ्यांना पेढे वाटले. बाई एका बाजूला उभ्या राहून हसत होत्या. त्या दिवसाइतका ताठ मी पुन्हा कधी राहिलो नाही.

पावसाळा संपला, मिठागरे सुरू झाली आणि माझी फजिती सुरू झाली.

खाडीवरून वारा येई तो मीठ घेऊनच. तारांची वीज खांबात उतरू नये म्हणून मध्ये चिनीमातीचे इन्सुलेटर असतात, त्यांवर ते मीठ बसे. दिवसा काही होत नसे. पण थंडीत पहाटे दव पडले की ते मीठ ओले होई आणि त्यावरून थोडी थोडी वीज खांबात झिरपू लागे. मला ती गळती कळे. पण ती मिठामुळे आहे की तुटलेल्या तारेमुळे, हे मला सांगता येत नसे. मी झेंडी टाकी. ब्रेकर उघडे. काशीगावापासून वरसाव्यापर्यंत सगळीकडची लाईट जाई.

मग धाकू निघत. धाकू हे जवळच्याच मीरा गावचे लाइनमन. मिठागरांच्या बांधांवरून, चिखलातून ते खांबामागून खांब बघत जात. तार कुठेच तुटलेली नसे. दमून परत येत आणि माझ्याकडे बघून म्हणत, "काय न्हाय रं, महिपत. समदं ठीक हाय. तुजा हा रिले लाजाळूचं झाड हाय. वारा लागला का मिटला!"

तेव्हापासून माझे नाव लाजाळू पडले. सुरुवातीला सगळे हसत. पुढे कोणी हसेनासे झाले. पिठाची गिरणी बंद पडे आणि बायका डबे घेऊन ताटकळत बसत. पुंडलिकशेठचा बर्फाचा कारखाना याच फीडरवर होता. बर्फ अर्धवट राही, आणि मासळी घेऊन आलेले कोळी त्यांच्या नावाने खडे फोडत. मग पुंडलिकशेठ तरातरा सबस्टेशनवर येत.

"ओ महिपत, हा काय तमाशा चाललाय? रोज सकाळी नाटक! ती पेटी काढून खाडीत फेका ना!"

"शेठ, प्रयोग चालू आहे. बाईंना विचारल्याशिवाय मला हात लावता येत नाही."

"प्रयोग करायला आमचंच गाव मिळालं काय?"

मी काचेआडून हे सगळे ऐकत असे. मला जीभ नव्हती, आणि असती तरी काय सांगितले असते? माझ्यामुळे महिपत रोज बोलणी खात होते आणि धाकू उगीचच चिखल तुडवत होते. हाराची फुले केव्हाच सुकून गेली होती, आणि माझ्या काचेवर कोणी फडकेही मारत नव्हते.

पण सगळ्यात मोठी लाज अजून पुढे होती. बाईंचे काम बघायला बाहेरगावचे काही नावाजलेले संशोधक आले. थंडीतली सकाळ होती, दव अजून वाळले नव्हते. बाई त्यांना फळ्यावर आकृती काढून समजावत होत्या, "तार खरोखर पडली असेल तरच हा रिले..." आणि त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत माझी झेंडी पडली. ब्रेकर उघडला. खोलीतले दिवे विझले. पाहुण्यांपैकी एक वयस्क गृहस्थ हसत म्हणाले, "वा! तार पडली वाटतं?" धाकूंना पाठवले. लाइन बघून परतताना त्यांनी समोरच्या खांबाजवळून हात हलवून खूण केली. काही नाही. पाहुणे हसले. बाईही हसल्या, पण त्यांच्या हातातला खडू मोडला होता.

पाहुणे गेल्यावर बाईंनी माझी झेंडी वर केली. मग महिपतना म्हणाल्या, "याचा ब्रेकरकडे जाणारा जोड काढून टाका. झेंडी पडू दे, पण लाईट जायला नको. मी सगळं पुन्हा तपासते, तोपर्यंत असंच राहू दे."

"नक्की ना, बाई?" महिपतनी विचारले. "खरंच तार पडली तर?"

"तुम्ही आहात की. झेंडी दिसली तर हाताने बंद करा."

महिपतनी पान्याने तो जोड काढला. त्या दिवसापासून मला दिसत होते, पण मला काही करता येत नव्हते. लाईट जाईनाशी झाली. पुंडलिकशेठ येईनासे झाले. सगळे खूश होते. झेंडी मात्र पडतच राही, आणि महिपत जाता-येता बोटाने ती वर करून ठेवत. सवयच लागली त्यांना. मित्रांनो, त्यांना दोष देऊ नका. इतक्या वेळा खोटे ओरडल्यावर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

एप्रिल महिना आला. दव कधीच संपले होते. एके दुपारी जोराचा वारा सुटला आणि काशीगावच्या अलीकडे, भेगा पडलेल्या शेतात तार तुटून पडली. मी ती ओळखली. ज्या कामासाठी मला बनवले होते, तेच हे काम होते. मी झेंडी टाकली. महिपतनी ती वर केली. मी पुन्हा टाकली. त्यांनी पुन्हा वर केली आणि पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा झेंडी पडलेली होती. तेव्हा मात्र त्यांचा हात थांबला. बाहेर ऊन रणरणत होते. दव कुठून येणार? ते धावले आणि त्यांनी हाताने ब्रेकर उघडला.

पण तोवर उशीर झाला होता. मिठागरावरून घरी जाणाऱ्या रखमाबाईंना वाटेत आडवी पडलेली तार दिसली. मागून आणखी बायका येत होत्या. त्यांच्या पायात अडकू नये म्हणून रखमाबाई ती हातातल्या दांड्याने बाजूला सारायला गेल्या. मीठ ओढायचा तो लाकडी दांडा खाऱ्या पाण्याने भिजलेला होता, आणि वीज त्यातून त्यांच्या हातात उतरली. धाकू पोचले तेव्हा बायका रखमाबाईंना उचलून आणत होत्या. जीव वाचला. पण उजव्या हाताची बोटे भाजून वाकडी झाली, ती कायमचीच. त्या हातात पुन्हा दांडा धरता आला नाही.

बातमी आली तेव्हा महिपत माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. मला तोंड नव्हते. माझी लाल झेंडी तेवढी उघड्यावर लोंबत होती.

पावसाळ्याच्या तोंडावर रखमाबाई स्वतः सबस्टेशनवर आल्या. धाकूंनी त्यांना आणले होते. योगायोगाने त्या दिवशी बाईही तिथे होत्या. रखमाबाईंच्या हाताला फडके गुंडाळलेले होते. त्यांनी दारातूनच विचारले, "ती पेटी कंची?"

महिपतनी माझ्याकडे बोट दाखवले. रखमाबाई जवळ आल्या. मला वाटले, त्या मला शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

"तार परली तवा हिला समजला व्हता?" त्यांनी विचारले.

"हो," बाई म्हणाल्या. "समजलं होतं."

"मंग लाईट का न्हाय गेली?"

महिपत खाली बघू लागले. ते काही बोलणार तोच बाई पुढे झाल्या. "कारण याचा जोड काढला होता. मी काढायला सांगितला. यांची काही चूक नाही."

"का काढलास?"

"हा चुकीच्या वेळी लाईट घालवायचा. लोक हसायचे. मला लाज वाटली."

रखमाबाई बाईंकडे वळल्या. मग म्हणाल्या, "लाज वाटली तर नीट करायचा व्हता, बाय. त्याचा तोंड कशाला बांधलास?"

रखमाबाई धाकूंबरोबर निघून गेल्या. त्या गेल्यावरही बाई दाराकडेच बघत होत्या.

बाईंनी मला मुंबईला परत नेले आणि पुन्हा उघडले. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. थंडीच्या पहाटे त्या भाईंदरला येऊन बसू लागल्या आणि मिठावरून होणारी गळती मोजू लागल्या. शेतात पडलेल्या तारेची गळतीही त्यांनी पुन्हा पुन्हा मोजली. त्यात त्यांची काही वर्षे गेली. शेवटी फरक सापडला. मिठावरची गळती हळूहळू वाढते आणि ऊन चढले की हळूहळू ओसरते. पडलेल्या तारेची गळती एकदम सुरू होते आणि ठिणग्यांमुळे सारखी थरथरते. बाईंनी माझ्यात नवे भाग बसवले. घाई न करता ती थरथर बघायची आणि मगच इशारा द्यायचा, हे त्यांनी मला शिकवले.

तरीही मी अधूनमधून चुकत असे. मग त्या पुंडलिकशेठकडे गेल्या आणि म्हणाल्या, "थंडीत मधूनमधून लाईट बंद ठेवून इन्सुलेटर गोड्या पाण्याने धुवावे लागतील. त्याशिवाय हे थांबणार नाही."

पुंडलिकशेठ कुरकुरले. कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "होड्या यायच्या दिवशी नको. बाकी कधीही बंद करा." धाकू आणि त्यांचे सोबती बादल्या आणि फडकी घेऊन खांबांवर चढू लागले. १९७३ साली माझा जोड पुन्हा लावला गेला, तो महिपतनी स्वतःच्या हाताने. त्यानंतर एकदा वरसाव्याजवळ तार पडली. मी ब्रेकर उघडला. कोणालाही काही झाले नाही. त्या दिवशी कोणी हार आणला नाही, आणि मला तो नकोही होता.

१९७७ साली नवे रिले आले आणि मला कॉलेजात परत आणले. आता मी प्रयोगशाळेतल्या कपाटात असतो. मध्यंतरी नव्या विद्यार्थ्यांना मला दाखवताना एक तरुण प्राध्यापक म्हणाले, "हा आपल्या विभागाचा सर्वांत यशस्वी प्रयोग."

मागे बाई उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते. त्या म्हणाल्या, "थांबा. अर्धीच गोष्ट सांगू नका." आणि विद्यार्थ्यांना त्यांनी मिठाची, दवाची, काढलेल्या जोडाची आणि रखमाबाईंच्या हाताची सगळी हकीकत सांगितली. आपले नाव कुठेही वगळले नाही. मला कपाटाच्या अगदी मागे सरकावेसे वाटले, पण सरकता येत नव्हते, आणि ते बरेच झाले.

मित्रांनो, माझे एवढेच सांगणे आहे. उद्या तुम्ही मोठी यंत्रे बनवाल, चालवाल. एखादे यंत्र सारखे ओरडून तुम्हाला भंडावेल, चारचौघांत तुमची मान खाली घालायला लावेल. तेव्हा त्याचा आवाज बंद करू नका. ते का ओरडते ते शोधा, त्याला पुसा, धुवा, दुरुस्त करा. आणि ते यंत्र लोकांना दाखवाल तेव्हा त्याच्यापायी ज्याला सोसावे लागले, त्या माणसाचे नाव आधी सांगा. माझ्या गोष्टीत ते नाव रखमाबाई हे आहे.