मेंदी लागलेला झेंडा

मित्रांनो, मी एक जुना झेंडा आहे आणि एका जागी गप्प पडून राहणे माझ्या स्वभावात नाही. समुद्रकाठच्या देशांच्या क्रीडास्पर्धा चार वर्षांनी एकदा भरतात. त्या सुरू होतात त्या दिवशी आणि संपतात त्या दिवशी, असे दोनच दिवस मला मोकळा वारा मिळतो. आजवर मधला सगळा काळ गेला तो पत्र्याच्या पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात, घडी घालून. त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडी चिडचिड दिसली तर समजून घ्या.

माझा जन्म चाळीस वर्षांपूर्वी एका बेटावरच्या मागावर झाला. पांढरे शुभ्र रेशीम, मधोमध तीन निळ्या लाटा आणि चारही बाजूंनी दुमडून शिवलेला काठ. ज्या शहरात स्पर्धा भरतात ते शहर आपले नाव या काठावर निळ्या धाग्याने भरते आणि समारोपाच्या दिवशी मला पुढच्या शहराच्या हाती देते. मी गेल्याशिवाय स्पर्धा पुढे जात नाहीत. भलेभले पहिलवान माझ्याकडे बघून रडले आहेत. खोटे कशाला बोलू, त्या मानामुळे मी जरा शेफारलोच होतो.

काठावरचे दहावे नाव मोस्तागानेम या बंदराच्या गावाचे. उद्घाटन झाले आणि मला प्रेक्षकांच्या सज्जाखालच्या एका खोलीत आणून ठेवले. वर लोक ओरडत होते, पाय आपटत होते, आणि मी खाली अंधारात नुसता तळमळत होतो. भिंतींना समुद्राची ओल होती. पेटीत ठेवले तर बुरशी धरेल म्हणून शिष्टाचार विभागाचे प्रमुख लखदारसाहेब यांनी मला रोज दुपारी हवा दाखवायचे काम खैरा मावशीवर सोपवले.

खैरा मावशी शेजारच्या खोलीत खेळाडूंच्या कपड्यांना इस्त्री करायची. नवऱ्याचा पाय मासेमारीच्या बोटीवर अधू झाल्यापासून घर तिच्या इस्त्रीवरच चालले होते. स्पर्धा संपल्यावर तुला इथेच कायम करू, असे साहेबांनी तिला सांगितले होते. ती मला दोन खुर्च्यांवर पसरायची, वर पातळ फडके टाकून हलक्या हाताने इस्त्री फिरवायची आणि मग लांब बसून हरभऱ्याच्या पिठाची गरम करांतिका खायची. माझ्याजवळ कधी नाही. तेलाचे हात म्हणून.

खाताना ती माझ्याशी बोलायची.

"माझी लेक सिहेम समुद्रापलीकडं मार्सेयला गेली, नऊ वर्षं झाली. कागदपत्रं आली आणि दोन दिवसांत विमानात बसली. तिच्या तळहाताला मेंदीसुद्धा लावली नाही मी. म्हटलं, आता कुठं भिजवत बसू," ती सांगायची. "मेंदी लावून पाठवलेलं माणूस उंबरा विसरत नाही रे. चूक माझीच."

मला तिच्याविषयी वाईट वाटायचे. पण मनात खरे तर एकच घोर होता, की समारोपाला अजून किती दिवस उरले.

तो दिवस उजाडला. दुपारी मावशी एक वाटी घेऊन आली. तिने संत्र्याच्या फुलांच्या पाण्यात मेंदी भिजवली होती. माझ्या कोपऱ्यावरचा काठ तिने उलटा केला आणि आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, नाण्याएवढी मेंदी लावली.

"तू तरी ये परत," ती म्हणाली.

मेंदी सुकेल, झडून जाईल आणि रंग काठाच्या आतच राहील, असा तिचा हिशेब होता. तेवढ्यात लखदारसाहेबांचा निरोप आला, की झेंडा लगेच घडी करून पेटीत भरा. मावशीची तारांबळ उडाली. आयुष्यभर कपडे हाताळलेली बाई, पण ओली मेंदी घड्यांतून झिरपते एवढे तिच्या लक्षात आले नाही. मला जाणवत होते. थंड ओल एका पदरातून दुसऱ्यात उतरत होती. माझा जीव कासावीस झाला होता, पण झेंड्याला तोंड कुठे असते?

तीन तासांनी साहेबांनी पेटी उघडली. माझ्या लांब काठावर, हात हात अंतरावर, चार तांबूस डाग उमटले होते.

"खैरा, हे काय आहे?"

"मेंदी आहे, साहेब."

"मेंदी? याचं लग्न ठरवलंस की काय तू?" साहेब खाली बसले. "छत्तीस वर्षं नऊ गावांनी याला जपलं. आणि आपल्याकडं बारा दिवस धड राहिला नाही. आता जगभर दिसणार ही घाण."

"साहेब, मी लिंबानं..."

"हात लावू नकोस. उद्यापासून यायचंही नाही."

मावशीने वाटी पदराआड घेतली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा एवढा जीव माझ्यावर, आणि मीच तिच्या पोटावर पाय दिला होता. मी आधी कधी कुणासाठी असा तळमळलो नव्हतो.

दुसरा झेंडा नेऊन चालणार नव्हते. पाहुणे आधी काठावरची नावेच बघतात. शेवटी साहेबांनी एक शक्कल काढली. मला धरून नेणाऱ्या आठ खेळाडूंपैकी चौघांना त्यांनी डागांवर मुठी आवळायला सांगितल्या. त्यांत गावचीच होवारिया होती, ज्यूदोत रौप्यपदक मिळवलेली.

"मूठ सोडायची नाही," साहेबांनी तिला बजावले.

होवारियाने डागाकडे पाहिले, मावशीकडे पाहिले. "कळलं मला," ती म्हणाली.

सूर्य मावळतीला टेकला होता. सगळ्या देशांचे खेळाडू रांगा मोडून, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून मैदानात आले होते. माझ्यावर वारा आला, पण मला त्याचे काहीच सुख वाटेना. नगराध्यक्षांनी मला काठीला लावले आणि रिवाजाप्रमाणे चारही दिशांना दाखवण्यासाठी उंच धरले. घाईत साहेबांना या रिवाजाचा विसर पडला होता. मुठी सुटल्या. चारही डाग समोरच्या भल्या मोठ्या पडद्यावर दिसले, प्रत्येक बैलगाडीच्या चाकाएवढा.

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

मग बायकांच्या बाकांवरून कुणीतरी जीभ हलवून लांबलचक, थरथरती किलकारी दिली. तिकडे नवरी घराबाहेर पडताना देतात तशी. तिला दुसरीने साथ दिली, मग दहा जणींनी, मग हजारो बायकांनी. त्यांना कुणी काही समजावून सांगितले नव्हते. पाठवणीची मेंदी त्यांना लांबूनही ओळखता येत होती. काही म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. मी काठीवर असा फडफडलो, की नगराध्यक्षांना मला आवरेना.

पुढच्या शहराच्या पाहुणीबाईंनी मला हातांत घेतले आणि दुभाष्यामार्फत विचारले, "हे काय आहे? फार सुंदर आहे."

लखदारसाहेबांनी घसा खाकरला. "आमच्याकडं घरातलं माणूस लांब निघालं की लावतात."

"कोणी लावली?"

साहेबांनी क्षणभर मैदानात येण्याच्या बोगद्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मावशीकडे पाहिले.

"आमच्या विभागानं," ते म्हणाले.

टाळ्या झाल्या. मला बाहेर नेताना साहेब मावशीजवळ थांबले आणि तिच्याकडे न बघताच पुटपुटले, "उद्या ये. आठ वाजता." नोकरी तिला मिळाली, शाबासकी त्यांना. तिने मान हलवली. मग तिने तांब्यातले पाणी माझ्या वाटेवर शिंपडले, निघालेला परत यावा म्हणून त्याच्या मागे शिंपडतात तसे. होवारिया तेवढी साहेबांकडे रोखून बघत होती.

आज मी समुद्रापलीकडच्या त्या शहरात संग्रहालयात काचेमागे आहे. शहराचे नाव सांगत नाही, तिथल्या लोकांचा यात काही दोष नाही. ते मला फार जपतात. पण काचेखाली पाटी आहे: 'मेंदीचे ठसे, मोस्तागानेमच्या शिष्टाचार विभागाची भेट.' शाळेची मुले ती वाचतात, वहीत उतरवून घेतात, आणि मला काचेमागे क्षणभरही चैन पडत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना जपा, पण आमची निगा कोण राखते तेही विचारत जा. आणि कधी इकडे आलात, तर पाटीवरचे ते विभागाचे नाव वहीत उतरवू नका. त्या जागी लिहा: खैरा बेनसादा, इस्त्रीवाली.