मास्तरांच्या ओठांतल्या टाचण्या

मी एक जुना आरसा आहे. उंचीने माणसाएवढा, सागवानी चौकटीतला, खालच्या कोपऱ्यात काळे डाग पडलेला. गेली छत्तीस वर्षं मी एका शिंप्याच्या दुकानात भिंतीला पाठ लावून उभा आहे. मित्रांनो, कारखान्यात माझ्या पाठीला चकाकी चढवली, तेव्हा मी मोठ्या दिवाणखान्याची स्वप्नं पाहत होतो. नशिबी आलं हे दुकान. सुरुवातीला मी चांगलाच हिरमुसलो होतो. मग हळूहळू मला मास्तर कळू लागले.

मास्तर म्हणजे आमचे शिंपी. फिटिंग करताना ते सात-आठ टाचण्या ओठांत धरत. साहजिकच त्यांना बोलता येत नसे. गिऱ्हाइकाने काहीही म्हणावं, मास्तरांचं उत्तर एकच, "हं." टाचणी लावता लावता ते मधूनच मान वर करून माझ्यात बघत. गिऱ्हाइकाला वाटे, शिवण बघताहेत. पण ते बघत चेहरा. बँकेतले एक साहेब नव्या पँटमध्ये पोट आत ओढून उभे राहत आणि म्हणत, "अगदी बरोबर बसलीय!" मास्तर "हं" म्हणत आणि तसेच उकिडवे बसून राहत. पोट आत धरून माणूस किती वेळ तग धरणार? दोन मिनिटांत ते मूळ जागी येई आणि मास्तर निमूटपणे कमरेवर खडूची नवी खूण करत. "मास्तरांच्या पँटमध्ये जेवल्यावरसुद्धा बसता येतं," असं साहेब सगळ्यांना सांगत सुटले. त्या काळी मास्तर मला रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसत.

पुढे मास्तरांचे गुडघे गेले. दुकान त्यांच्या मुलीकडे आलं. ती लहानपणापासून इतकी बडबडी, की सगळे तिला मैना म्हणत. हात मात्र तिचा बापापेक्षाही सफाईदार. तिने टाचण्यांसाठी मनगटावर बांधायची छोटी उशी आणली. "तोंडात टाचण्या धरतं का कुणी? गिळली म्हणजे?" असं ती म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण तोंड रिकामं झालं आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. गिऱ्हाईक आत येताच मैनाच सांगू लागे, इथे घट्ट करू, तिथे उंची कमी करू. लोक मान डोलवत, "छान" म्हणत, पैसे देत आणि पुन्हा फिरकत नसत. मैनाला कळेना, आपलं कुठे चुकतंय. माझ्यावर धूळ साचली. चौकटीला टेप आणि पिशव्या लटकू लागल्या. मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसून असत.

एके दिवशी सकाळी एक वयस्कर नर्सबाई आल्या. हातात पुरुषाचा जाड करडा कोट होता. "यांचा आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या हिवाळ्यात ते गेले. मी वापरीन म्हणते. जरा..."

"अगदी आत्ता बसवून देते, मावशी!" मैनाने कोट त्यांच्या अंगावर चढवलासुद्धा. "खांदे दोन बोटं आत, बाही इथून कापू. नवा वाटेल बघा!"

"हो, चालेल," बाई म्हणाल्या. ओठांवर हसूही होतं. पण बोटांनी दोन्ही बाह्यांचे काठ आतून घट्ट मुठीत धरले होते. ते मला दिसत होतं. मैना खाली बघून खडू ओढत होती. कात्री टेबलावर उघडी पडली होती, आणि एकदा कापलेली बाही काही पुन्हा लांब होत नाही. त्या वेळी मला तोंड नसल्याचं फार वाईट वाटलं.

खुर्चीतून मास्तर म्हणाले, "मैना, ती उशी दे इकडे. पट्टा उसवलाय, टाके घालतो."

पट्टा अगदी धडधाकट होता. पण बापाला नाही कसं म्हणणार? मैनाने मनगटावरची उशी सोडून त्यांना दिली. उशीतून काढलेल्या टाचण्या हातात राहिल्या; टेबल लांब होतं, त्या ठेवायच्या कुठे? तिने त्या ओठांत धरल्या.

दुकान एकदम शांत झालं. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मैनाने मान वर केली आणि माझ्यात पाहिलं. तिला बाईंचा चेहरा दिसला. मग त्या मुठी दिसल्या. तिचा खडू थांबला.

"हं?" ती म्हणाली.

बाईंनी मुठीतल्या बाह्यांकडे पाहिलं. "बसस्टॉपवर थंडीत मी यांच्या बाहीत हात घालून उभी राहायची. लोक हसायचे." त्या थोडं थांबल्या. मैनाही थांबली. "बाही लांबच राहू दे, बाळा. मी खरं तर खिशाचं अस्तर फाटलंय, तेवढंच शिवायला आले होते."

मैनाने टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या आणि ब्रशने खडूच्या सगळ्या खुणा झटकून टाकल्या. माझा जीव भांड्यात पडला. अस्तर शिवायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाई कोट घालूनच बाहेर पडल्या.

मग मैना फडकं घेऊन माझ्याकडे आली. धूळ पुसता पुसता तिला माझ्यात मागची खुर्ची दिसली. मास्तरांची बोटं त्या धडधाकट पट्ट्यावरून पुन्हा पुन्हा फिरत होती.

"बाबा, दिवसभर नुसते बसून कंटाळता का हो?"

"छे गं! मी बरा आहे."

रोज हेच उत्तर मिळे आणि रोज मैना कामाला वळे. मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी असंच "बरा आहे" म्हणत असेल. ते ऐकून लगेच पाठ फिरवू नका. त्यांच्या चेहऱ्याकडे, हातांकडे बघा, आणि थोडा वेळ काही न बोलता थांबा. मैना त्या दिवशी थांबली. हातातलं फडकंसुद्धा तिने हलवलं नाही.

बऱ्याच वेळाने मास्तर म्हणाले, "काजं-बटणं तरी दे की मला करायला."