काच खाणारा फिल्टर

भावोजींनी पोलरायझर घेतला आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. लेन्सपुढे बसवायची ती गडद काच. तिचं कडं फिरवलं की पाण्यावरची, काचेवरची चकाकी गायब आणि आभाळ निळंगर्द. चीज कामाची, नाही कोण म्हणतं! पण कुठं लावायची आणि कुठं काढायची ही अक्कल काही डब्यातून येत नाही. भावोजी पासपोर्टचे फोटोसुद्धा ती लावूनच काढायचे.

धाकटीच्या जिवाचा नुसता संताप व्हायचा. स्टुडिओ तिच्या वडिलांचा. त्यांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं होतं की काचवाल्यांच्या नव्या शोरूमचं काम जो चोख करेल, स्टुडिओची किल्ली त्याची. थोरलीचा नवरा म्हणून कॅमेरा अर्थातच भावोजींकडे. बारा वर्षं तिथं राबलेल्या धाकटीच्या वाट्याला स्टँड उचलणं.

शोरूमच्या भल्यामोठ्या काचेसमोर भावोजी तिरपे उभे राहिले आणि कडं फिरवू लागले.

"भावोजी, आज तेवढा फिल्टर काढा हो. फोटो काचेचाच आहे."

"तू स्टँड धर! चकाकी ठेवणं हे अडाण्यांचं काम."

घ्या! उथळ पाण्याला खळखळाट फार. धाकटीनं दात आवळले, दोन पावलं बाजूला सरली आणि वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्यानं, बिनफिल्टरचा, एक फोटो काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी काचवाले स्टुडिओत आले. भावोजींच्या फोटोत आतलं टेबल, टेबलावरचं पेन, सगळं लख्ख दिसत होतं.

"माझी काच कुठंय?"

"तीच तर कमाल, साहेब! दिसतच नाही!"

"अहो, मी काच विकतो. भगदाडं नाही."

भावोजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वडील म्हणाले, "धाकटे, तुझ्याकडे आहे काही?"

तिनं आपला फोटो पुढं केला. काच भिंतभर झळकत होती. तिच्यात ढग, समोरचा रस्ता, आणि कोपऱ्यात एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून कडं पिळणारे भावोजी.

"मला पुसून टाक आधी!" भावोजी ओरडले.

"मुळीच नाही," काचवाले म्हणाले. "इथं काच आहे, हे या माणसामुळेच तर कळतंय. मला हाच फोटो हवा."

वडिलांनी खिशातून किल्ली काढली आणि चाचपडत धाकटीचा हात शोधला. तिचे डोळे भरून आले.

भावोजी अजून फोटोलाच नाक लावून होते. "कुठला फिल्टर लावलास गं?"

"स्टँड उचला, भावोजी," ती म्हणाली.