सीताराम खरात यांची पुण्यतिथी

तेजलच्या सकाळच्या रेडिओ कार्यक्रमात गाण्यांच्या दिनविशेषाला मोठा मान होता. याच तारखेला कुठली कॅसेट बाजारात आली, कोणत्या गायिकेचा जन्म झाला, कुठल्या मैदानात कोणाच्या कार्यक्रमाला खुर्च्या मोडल्या, असं ती गप्पा मारत सांगायची. अंधेरीतला तो इंटरनेट रेडिओ म्हणजे जेमतेम दोन खोल्यांचा संसार, पण ऐकणारी माणसं पक्की.

नऊ डिसेंबरसाठी मात्र तिला काही केल्या पुरेसं सापडेना. शेवटी जुन्या ऑर्केस्ट्रांवरच्या कुठल्याशा वेब पानावर एक ओळ मिळाली : अ‍ॅकॉर्डियनवादक सीताराम खरात यांची पुण्यतिथी. ऐंशीच्या दशकात घाटकोपर-विक्रोळीचं एकही मैदान या माणसाने सोडलं नव्हतं. तेजलने आवाजात जरा ओलावा आणला, श्रद्धांजली वाहिली आणि अ‍ॅकॉर्डियनची एक धून लावली.

धून संपायच्या आत फोन वाजला.

"मी लता खरात, विक्रोळीहून," पलीकडची बाई म्हणाली. "तुम्ही आत्ता ज्यांना पोचवलंत ना, ते कोथिंबीर आणायला खाली गेलेत."

तेजलच्या तोंडचं पाणी पळालं.

"परवाच्या सहा तारखेला दादरला चैत्यभूमीवर जाऊन, एवढ्या रांगेत उभे राहून आले," लताबाईंचं चालूच होतं. "मेलेला माणूस रांगेत उभा राहतो का गं?"

स्टेशन सांभाळणारा श्रेयस काचेपलीकडून सगळं बघत होता. तो आत आला. "वाट लागली ना? आता लगेच माफी माग, ऑन एअर."

पुढचं गाणं संपताच ती माईक सुरू करणार, तेवढ्यात पुन्हा तोच नंबर. या वेळी स्वतः सीताराम खरात होते, आणि चक्क हसत होते.

"मॅडम, माफीबिफी राहू द्या. एक काम करा, मला संध्याकाळपर्यंत मेलेलाच ठेवा."

"काय?"

"अहो, गुणाजीचा फोन येऊन गेला हिला. आमच्या ऑर्केस्ट्राचा गायक. पंचवीसेक वर्षं झाली, आमचं तोंड बघत नाही. आज ढसाढसा रडला म्हणे. आणि ही खरं सांगायच्या आत 'निघालोच' म्हणून त्याने फोन ठेवला. गोराईहून यायचाय, दुपार होईल. वाटेत त्याला कळलं, तर आल्या बोटीने परत जाईल तो. मी ओळखतो ना त्याला."

तेजलने श्रेयसकडे पाहिलं. खोटं बोलायचं नव्हतं तिला. पण आपल्या एका आळशी ओळीने जो माणूस घरातून निघाला होता, त्याला अर्ध्या वाटेतून परत पाठवणं तिच्या जिवावर आलं.

"काका, तुमच्या नातेवाइकांना आत्ताच्या आत्ता फोन करून खरं सांगा. आमची दुरुस्ती पाच वाजता जाईल. आणि मी स्वतः येते."

"या, मटण टाकलंय," सीताराम म्हणाले.

वाटेत मिठाईच्या दुकानापुढे उभी राहून तिने बराच विचार केला. फुलं नेणं तर शक्यच नव्हतं. शेवटी पेढे घेतले.

कन्नमवार नगरातल्या त्या घरात ती पोचली, तेव्हा सीताराम पांढराशुभ्र सदरा घालून खुर्चीत बसले होते. सत्तरीतला हाडकुळा माणूस, केस काळेभोर रंगवलेले. लताबाईंनी तिला पाणी दिलं आणि भांडणाची गोष्टही सांगून टाकली. घाटकोपरच्या एका कार्यक्रमात गुणाजी दुसरं कडवं विसरला, तर यांनी माईकवरून लोकांना विचारलं, "कोणाला येतंय का हो पुढचं?" सगळं मैदान हसलं. गुणाजी स्टेजवरून उतरला तो उतरलाच.

"मस्करी होती," सीताराम म्हणाले.

"तुमची मस्करी. त्याची रोजीरोटी होती ती," लताबाई म्हणाल्या.

एवढ्यात दारात एक जाडजूड म्हातारा उभा राहिला. डोळे सुजलेले, हातात भला मोठा झेंडूचा हार. त्याने लताबाईंकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. हार हातातून सुटला.

"मेल्या!" गुणाजी ओरडला. "जितो आसस तू?"

"मेल्या म्हणतोस आणि वर जिवंत का म्हणून विचारतोस," सीताराम उठले. "एक काहीतरी ठरव."

गुणाजी वळला आणि तरातरा जिना उतरू लागला. तेजल त्याच्या मागे धावली. "काका, चूक माझी आहे. रेडिओवर मीच सांगितलं. त्यांनी काही केलं नाही."

"त्येनाच केल्यान सगळा!" गुणाजी जिन्यातच थांबला. धाप लागली होती. तो पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "बोटीत बसून म्हणत होतो, एकदा तरी भेटाक व्हया होता. आता कोणाक सांगू?"

"मला सांग," वरून सीतारामांचा आवाज आला. ते कठड्याला धरून उभे होते. "चुकलं रे माझं. दुसऱ्या दिवशीच यायला हवं होतं तुझ्याकडे. लाज वाटली."

गुणाजीने नाक पुसलं. मग म्हणाला, "मटणाचो वास येता."

पाच वाजता तेजलने स्टुडिओला फोन जोडला. माफी तिने स्वतः मागितली, आडवळण न घेता. मग फोन सीतारामांकडे दिला. "मी सीताराम खरात," ते म्हणाले, "जिवंत आहे, आत्ताच जेवलो आहे." मागून गुणाजी ओरडला, "माझ्या वाटणीचा पण!" अंधेरीत श्रेयस इतका हसला, की पुढची जाहिरात लावायची विसरला.

अ‍ॅकॉर्डियन कपाटावरून खाली आलं. भाता जरा फाटला होता, एक सूर नुसती हवा सोडत होता. गुणाजीने घसा साफ केला आणि पहिल्याच ओळीला थांबला.

"पट्टी उंच धरलंस."

"तुझा आवाज खाली गेलाय."

"माझो? माझो आवाज?"

"मग काय माझा?"

तेजल चप्पल घालून दाराशी घुटमळत होती. लताबाईंनी उरलेले पेढे तिच्या पिशवीत टाकले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "जा गं तू आता. यांचं काही आज मिटत नाही."